अर्बाबच्या काळ्या पुंगळ्या

रविवार, ६ एप्रिल
माफ कर डायरी. मनी एक्स्चेंजवाल्याने तुला जानेवारीत फुकट दिली आणि मी आज उघडतोय. उशीर झाला, पण कारणं खरी आहेत. आधी थंडी होती (मस्कतची असली तरी माझ्या छातीला पुरते), मग चष्मा तुटला, मग रमजानात झोपेचं खोबरं झालं. आता रोज लिहीन. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहीन.
आजपासून चहा बिनसाखरेचा.
व्हिसा मेच्या मध्यावर संपतो. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, रिन्यू करणारच. या वर्कशॉपचं लेथ मशीन माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. गेल्या जुम्म्याला विचारलं तर अर्बाब म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे होकारच झाला. त्याचा मुलगा अमीन बाजूला मोबाईल बघत होता, तो हसला. मोबाईलमध्ये काहीतरी विनोदी आलं असेल.
मोठी बातमी: अमीनच्या मुलाचं लग्न, एक मेला. अर्बाबकडे त्याच्या बापाची जुनी बंदूक आहे, मार्टिनी म्हणतात. लग्नात नाचताना तिचा बार काढायचा. गोळी नाही, नुसता आवाज. पण तिच्या काडतुसाची पितळी पुंगळी आता कोणी बनवत नाही. बाटलीसारखी असते, खाली जाड आणि वर मान निमुळती. अर्बाबच्या पेटीत बापाच्या वेळच्या आहेत, पण त्या वापरायच्या नाहीत म्हणतो. म्हातारपणी माणूस हट्टी होतो. (तो ऐंशीचा. मी फक्त सदुसष्ट.)
मी म्हटलं, अर्बाब, मैं बनाएगा. अमीन म्हणाला, रहने दो बाबा, बाहेरसे पार्सल मंगाया है. अर्बाब म्हणाला, करू दे त्याला, बसून काय करेल.
केवढा विश्वास!

बुधवार, ९ एप्रिल
अमीनने पेटी आणून दिली. म्हणाला, एक देखो, नाप लो, शामको वापस. चंदनाची पेटी, आत हिरवं मखमल आणि मखमलावर पुंगळ्या. काळ्या ठिक्कर! वर खिळ्याने गिरगटल्यासारखे ओरखडे. आम्ही जातीचे कासार. काळं पितळ घरात म्हणजे सुतक. दसऱ्याला घागरीवर एक डाग राहिला तर आई जेवायला वाढत नसे. आणि हे श्रीमंत लोक मखमलावर ठेवतात.
माप घेतलं. व्हर्नियर जरा वाकलेला आहे, पण माझा अंगठा चुकत नाही.
पेटी संध्याकाळी परत केली नाही. काम चालू असताना नमुना जवळ हवा. अमीन विसरला. मीही आठवण केली नाही.
ॲसिडिटी. साखर नसल्यामुळे असेल. रात्रीच्या चहात एक चमचा घातला.

शुक्रवार, ११ एप्रिल
सुट्टी. जैनुद्दीनबरोबर मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात गेलो. जैनुद्दीन म्हणजे माझा रुवीच्या खोलीतला जोडीदार, राजापूरचा. सूकमध्ये दुकानात असतो, पर्यटकांना खंजीर आणि लोबान विकतो. माझ्याच वयाचा, पण जीभ तरुण. वाटेत म्हणाला, अरे म्हाताऱ्या, तुला व्हिसा पाहिजे तर सरळ पाय धर, पुंगळ्या कसल्या करतोस. मी म्हटलं, कारागीर पाय धरत नाही. तो म्हणाला, कारागिराचे गुडघे वाकत नाहीत म्हणून!
एका दुकानात जुनी पुंगळी मिळाली. तिला खाली भोक पाडून किल्ल्यांची साखळी अडकवलेली. दुकानदार म्हणाला, असली आहे. घासाघीस करून घेतली. खोलीवर येऊन बघतो तर मान वेगळीच. दुसऱ्याच बंदुकीची. जैनुद्दीन म्हणाला, दुकानदार माझा दोस्त आहे, मला माहीत होतं, पण तू एवढा खूश होतास.
किल्ली लावली साखळीला. वाया गेली नाही.

सोमवार, १४ एप्रिल
पितळेच्या दांड्यातून पहिली पुंगळी कातली. काय फिनिश! आमच्या घराण्यात पितळ रक्तात आहे. मान काढायला वेळ लागतो म्हणून सरळच ठेवली, नळीसारखी. आत गेल्यावर कोणाला दिसणार आहे?
बंटीला दाखवली. बंटी खोलीतला तिसरा माणूस, अमरावतीचा, एसी दुरुस्त करतो. गुणी आहे, मोठ्यांना उलटून बोलत नाही. म्हणाला, काका, एक नंबर! बंटीला पितळेतलं कळतं.

मंगळवार, १५ एप्रिल
पुंगळी बंदुकीत बसली. इतकी घट्ट बसली की बाहेर येईना. मी सांगितलं, ही मजबुतीची खूण आहे. अमीनने लाकडी दांडा घालून ठोकून काढली. अर्धी सकाळ गेली त्यात. घामाघूम होऊन म्हणाला, खलास बाबा, अब हाथ मत लगाओ. अर्बाब खुर्चीत बसून बंदुकीवर हात फिरवत होता, आजारी बैलावर फिरवावा तसा.
दोष बंदुकीचा आहे. शंभर वर्षांत आतून आकसली असणार. बोललो नाही. मोठ्या लोकांच्या वस्तूला नावं ठेवू नयेत.
बीपीची गोळी घेतली का आठवत नाही. म्हणून आणखी एक घेतली.

शुक्रवार, १८ एप्रिल
अल हैलला अनुपकडे गेलो. माझा मुलगा. इंजिनीयर आहे, मीच शिकवला. समुद्राजवळ मोठा फ्लॅट. सून सोनल घाईत होती, आम्ही बाहेर निघालोच होतो म्हणाली. मी पण बसायला आलो नव्हतोच.
नात मैत्री आता मोठी झाली. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही... तुम्ही कधी... व्हेन आर यू गोइंग? मी म्हटलं, जेवून जाईन. ती म्हणाली, नो, टू इंडिया. अनुपने तिला आत पाठवलं. मुलं काहीही ऐकतात शाळेत.
सहज विषय काढला. समजा अर्बाबने थोडा उशीर केला, तर मधले महिने मुलाच्या नावावर व्हिसा होतो म्हणतात. अनुप म्हणाला, पप्पा, होतो, पण इथे पार्किंगचा प्रॉब्लेम आहे.
ते खरंच आहे. बिल्डिंगमध्ये फार गाड्या आहेत. मला गाडी नाही ते सांगायचं राहिलं.
येताना सोनलने डब्यात पुलाव दिला. डबा परत करू नका म्हणाली. केवढं मन!

रविवार, २० एप्रिल
दुसरी पुंगळी, या वेळी मान काढली. बंदुकीत नुसती घातली आणि बाहेर काढताना मान तडकली. आवाज छोटाच होता, पण वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी वळून पाहिलं. दांडा हलका होता. आजकाल पितळेत पितळ नसतं.
अमीन म्हणाला, पार्सल कस्टममध्ये आलंय, चार दिवसांत मिळेल. मग हळू आवाजात विचारलं, बाबा, गाँवमें कौन है तुम्हारा? मी म्हटलं, घर आहे, शेजारी आहेत, बायको गेली. त्याने मान हलवली.
पहिल्यांदाच माझ्या घरची चौकशी केली. रिन्यूच्या फॉर्मवर लिहावं लागत असेल.

बुधवार, २३ एप्रिल
झोप नाही. पार्सल आलं तर माझी गरज काय? विचार करून डोकं दुखलं. मग सकाळी दात घासताना सुचलं आणि हसूच आलं. नव्या कशाला करायच्या? पेटीत तयार आहेत की! त्या काळ्या आहेत म्हणून अर्बाब वापरत नाही. लाज वाटते त्याला. चारचौघांत ती घाण कोण काढून दाखवेल? साफ करून, ओरखडे काढून नव्यासारख्या केल्या तर त्याच्या बापाचीच पुंगळी नातवाच्या लग्नात वाजेल. परदेशी पार्सल कुठे आणि हे कुठे!
कोणाला सांगणार नाही. सरप्राइज. व्हिसा तर झालाच, कदाचित एसीवाली खोली पण.

शुक्रवार, २५ एप्रिल
आयुष्यातला उत्तम दिवस. जैनुद्दीन सूकमध्ये गेल्यावर मी आणि बंटीने कामाला हात घातला. रुवीच्या दुकानातून चिंच आणली, रात्रभर भिजवलेली. मीठ घालून चोळलं. राख इथे कुठली, म्हणून भांड्यांचा साबण. काळं पाणी निघालं, वाटीभर. बंटी म्हणाला, काका, या ओरखड्यांत काहीतरी लिहिल्यासारखं वाटतंय हो, उर्दूबिर्दू. मी सांगितलं, कारखान्याचा नंबर असेल, असल्या खुणांत घाण धरून राहते. आधी पॉलिश पेपर मारला. दुपारी वर्कशॉपची किल्ली माझ्याकडे होतीच. बफ मशीनवर एकेक धरली. ओरखडा म्हणून राहिला नाही. बोट फिरवलं तर लोण्यासारखं.
मखमलावर मांडल्या तर पेटीत दिवे लागल्यासारखं झालं. आईची आठवण झाली. आज तिने जेवायला वाढलं असतं.
एक खाच रिकामी दिसते. खोलीत चिंच लावताना एखादी घरंगळली की काय? खाटेखाली वाकून बघणार होतो, पण कंबर. बंटी म्हणाला, आधीपासून रिकामी असेल. तसंच असणार. मी आधी मोजल्या नव्हत्या.

सोमवार, २८ एप्रिल
अर्बाबच्या घरी जाऊन पेटी दिली. इस्त्रीचा शर्ट घातला होता.
त्याने पेटी उघडली. मी चेहरा बघत होतो. त्याने एक उचलली, चष्मा लावून फिरवून फिरवून पाहिली. ठेवली. दुसरी उचलली. अशा सगळ्या. कारागिरी बघायची तर अशी बघावी, शेवटच्या नगापर्यंत. मग म्हणाला, खुदेजा? मला वाटलं, घरातल्या बाईला दाखवायला बोलावतोय. मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही. पुन्हा म्हणाला, खुदेजा, आणि रिकाम्या खाचेत बोट घालून बसला.
डोळ्यांत पाणी. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या! मलाही भरून आलं. मी म्हटलं, अर्बाब, आपका ही काम है. तो म्हणाला, कहवा पी के जाओ. ओरडला नाही, रागावला नाही, कहवा विचारला. अमीन माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचं पार्सल फुकट गेलं ना.
रात्री जैनुद्दीनला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, शांताराम, ती नावं होती रे. दुकानात अर्बाबचा पुतण्या येतो, त्याने मागे सांगितलं होतं मला. घरात मूल झालं की अर्बाबचा बाप एक बार काढायचा आणि त्याच पुंगळीवर मुलाचं नाव कोरायचा, स्वतःच्या हाताने. खुदेजा अर्बाबची धाकटी बहीण, लहानपणी तापात गेली. फोटो नाही, काही नाही. तेवढंच होतं तिचं.
मी म्हटलं, मग आधी सांगायचं.
जैनुद्दीन म्हणाला, तू विचारलंस कोणाला?
नावंच होती तर इतकी वाकडीतिकडी कशाला कोरायची? मी मशीनवर सरळ कोरून देईन, एका साइजमध्ये. उद्या अमीनला सांगतो. काम वाढलं म्हणजे व्हिसा पण लांबला.

गुरुवार, १ मे
लग्न. निमंत्रण राहिलं असावं, एवढ्या मोठ्या घरात होतं. तरी जाऊन आलो. गेटबाहेर भिंतीच्या सावलीला उभा राहिलो. ढोल, नाच, मग बार. धाड! धाड! माझ्याच पुंगळ्या, आवाजावरून ओळखल्या. काय खणखणीत!
अमीनचा ड्रायव्हर बाहेर आला, त्याला म्हटलं, हमारा माल है. तो म्हणाला, नहीं बाबा, पार्सलवाला है. पेटी तो बड़े अर्बाबने बंद कर दी, कोई छूता नहीं.
ड्रायव्हरला काय कळतं बंदुकीतलं.
आतून जेवणाचं ताट पाठवलं. मटण मला पचत नाही, भात खाल्ला.

रविवार, ४ मे
अमीनने बोलावलं. सरळ कोरण्याची कल्पना त्याने पूर्ण ऐकली. मग तिकीट पुढे केलं. दहा तारखेचं. म्हणाला, बाबा, बहुत काम किया, अब आराम. मी विचारलं, वापसीचं? तो म्हणाला, इन्शाल्ला.
म्हणजे येणारच आहे. सुट्टी दिली. एवढ्या वर्षांत मी मागितली नव्हती, त्यांनीच ओळखलं. तिकिटाची तारीख अनुपला आधीच माहीत होती. अमीनने त्याला मार्चमध्येच फोन केला होता म्हणे. दोघांनी मिळून सरप्राइज ठेवलं.

शनिवार, १० मे
विमानतळ. अनुप सोडायला आला नाही, मीटिंग आहे. टॅक्सीत जैनुद्दीन बरोबर होता. उतरताना म्हणाला, म्हाताऱ्या, गोळ्या वेळेवर घे. मी म्हटलं, माझी खाट कोणाला देऊ नका, महिन्याभराचा प्रश्न आहे. तो म्हणाला, नाही देत. आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं चोळायला लागला. इथे धूळ फार.

मंगळवार, १३ मे
घर. वाळवी. पंख्याचा आवाज होतो. बॅग उघडली नाही, दारापाशीच ठेवली आहे. अर्बाबचा फोन आला तर धावपळ नको. शेजारच्या गंगुबाई विचारत होत्या, कायमचे आलात का? मी म्हटलं, छे, माझ्याशिवाय लेथ अडलंय तिकडे. त्या म्हणाल्या, हो का, आणि भाकरी ठेवून गेल्या.
उद्यापासून व्यायाम.

गुरुवार, १५ मे
सापडली!
जैनुद्दीनचा फोन. माझी खाट हलवली (का हलवली ते नीट सांगितलं नाही, नवीन माणूस वगैरे काहीतरी), तर खाली कोपऱ्यात पुंगळी. मी म्हटलंच होतं की एक घरंगळली असणार. जैनुद्दीन कुराण वाचतो, त्याला अक्षरं लागतात. म्हणाला, शांताराम, खुदेजा लिहिलंय रे हिच्यावर! धापा टाकत होता. म्हणाला, उद्या नमाजानंतर मी स्वतः अर्बाबकडे जातो. शांतारामने जपून ठेवली होती म्हणून सांगतो. बघच तू, म्हातारा तुला स्वतः विमान पाठवेल. मी विचारलं, कशी दिसते? तो म्हणाला, कशी म्हणजे? काळी, आहे तशी. मी म्हटलं, अरे, काळी नेऊन देणार? बाकीच्या दिव्यासारख्या चमकतायत आणि त्यात ही! माझं नाव जाईल. जैनुद्दीन जे बोलला ते इथे लिहीत नाही, राजापूरचं आहे ते. शेवटी म्हणाला, हात लावायचा नाही हिला, आणि फोन ठेवला.
बीपी वाढलं असणार. व्हिसा दारात आलाय आणि हा असा वेंधळा.

शुक्रवार, १६ मे, सकाळी
तोड काढली. जैनुद्दीन शुक्रवारी आंघोळीला वेळ लावतो. बंटीला फोन केला. पुंगळी जैनुद्दीनने रुमालात बांधून ठेवलीय म्हणाला. चिंच अजून डब्यात आहे. त्याला सगळं समजावलं: आधी चिंच, मग साबण, मग पॉलिश पेपर, आणि ती वाकडी अक्षरं पूर्ण जाऊ देत, अर्धवट ठेवू नकोस, अर्धवट काम वाईट दिसतं. मी परत आलो की सरळ कोरून देईन. पुसून जैनुद्दीनच्या रुमालात होती तशीच बांधून ठेव. बंटी जरा चाचरला. म्हणाला, काका, नक्की ना? मी म्हटलं, मोठ्यांचं ऐकायचं असतं. तो म्हणाला, हो काका.
गुणी मुलगा आहे.

त्याच दिवशी, दुपारी
बंटीचा फोटो आला. काय काम केलंय पोराने! आरसा! त्यात त्याचं तोंड दिसतंय, मोबाईलसकट. एक ओरखडा नाही. जैनुद्दीन रुमाल खिशात घालून निघाला पण, न बघता.
आता अर्बाबने गाठ सोडली असेल. मी बॅगेला कुलूप लावलं आणि शर्ट घालून ओट्यावर बसलोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जैनुद्दीनचे मिस्ड कॉल. मी पासपोर्ट शोधायला आत गेलो होतो. उलट लावला तर आता त्याचा फोन बंद. बंटी पण उचलत नाही. आनंदात असतील, मिठाई आणायला गेले असतील. मेसेज टाकून ठेवला आहे, अजून एकच टिक.
जैनुद्दीन, अर्बाब काय म्हणाला? तिकीट कोणत्या तारखेचं? मी तयार आहे. लवकर कळव रे.